काय बदलता येतं आणि काय नाही: मनगटी घड्याळ निवडण्याची आणि जमवण्याची रीत

घड्याळाची काच बदलता येते. पट्टा तर घरच्या घरी बदलता येतो. कमान तुटली तर नवी बसते, तेल सुकलं तर घड्याळजी यंत्र पूर्ण खोलून, धुऊन, पुन्हा तेल घालून देतो. पण डायलवरची मूळ छपाई एकदा गेली की गेली. केसच्या, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या कवचाच्या, घासून गोल झालेल्या कडाही सहसा पहिल्यासारख्या होत नाहीत. त्यामुळे कुठलंही घड्याळ घेताना मी दोन गोष्टी वेगळ्या काढतो: जे बदलता येईल ते आणि जे बदलता येणार नाही ते. पहिल्यातल्या दोषांकडे कानाडोळा करता येतो, दुसऱ्यातल्या दोषांकडे नाही. नवं घड्याळ घेतानाही हाच निकष लागू पडतो. तिथे फक्त पुढचं बघायचं: दहा-पंधरा वर्षांनी हे कोण उघडू शकेल आणि तेव्हा याचे सुटे भाग मिळतील का?

आधी मनगट मोजा

जाहिरातीत व्यास ठळक छापलेला असतो, पण घड्याळ मनगटावर कसं बसेल हे व्यासावरून पुरतं कळत नाही. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या शिंगांच्या टोकापासून खालच्या शिंगांच्या टोकापर्यंतची लांबी जास्त महत्त्वाची. या शिंगांना लग म्हणतात. सेइकोचं एसकेएक्स००७ हे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ व्यासाने ४२ मिमीपेक्षा मोठं आहे, पण त्याच्या लगची लांबी साधारण ४६ मिमीच असल्यामुळे ते बारीक मनगटावरही नीट बसतं. उलट ३९ मिमीचं एखादं घड्याळ लांब, सपाट लगमुळे दोन्ही बाजूंनी मनगटाबाहेर डोकावतं.

म्हणून मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. घड्याळाची लगपासून लगपर्यंतची लांबी त्यापेक्षा थोडी कमी हवी. दुकानात जाणं शक्य नसेल तर त्या लांबीचा जाड कागद कापून मनगटावर ठेवा आणि आरशात बघा. हात डोळ्यांजवळ धरून पाहिलं तर घड्याळ असतं त्यापेक्षा मोठं वाटतं, म्हणून आरसा.

जाडीही बघा. दहा-अकरा मिमीपर्यंतचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सहज सरकतं, तेराच्या पुढे अडकायला लागतं. १९४० ते १९६० या काळातली बहुतेक पुरुषांची घड्याळं ३३ ते ३६ मिमीची असत. आजच्या नजरेला ती सुरुवातीला लहान वाटतात, पण आठवडाभर घातल्यावर तसं वाटत नाही. शेवटचं माप पट्ट्याच्या रुंदीचं. १८, २० किंवा २२ मिमी असेल तर पट्टे हवे तेवढे मिळतात, १९ किंवा २१ असेल तर शोधावे लागतात. आणि पट्टा केसशी सलग घडवलेला असेल, तर पट्ट्यासाठी तुम्ही कायमचे त्या कंपनीवर अवलंबून राहता.

यंत्र: क्वार्ट्झ, चावीचं की ऑटोमॅटिक

पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ, सेइकोचं अ‍ॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आलं. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक सहसा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे साधं क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला १५ सेकंदांच्या आतबाहेर राहतं, तर ग्रँड सेइकोच्या ९एफ यंत्राची हमी वर्षाला १० सेकंदांची असते. बॅलन्स व्हीलवर, म्हणजे मागेपुढे झोके घेणाऱ्या चाकावर, चालणाऱ्या यांत्रिक घड्याळाचं गणित निराळं. अचूकतेच्या स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी यंत्राची सरासरी चाल दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत असावी लागते. साध्या यंत्रांची मर्यादा बरीच सैल असते. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ठाऊक असलेल्या एनएच३५ यंत्रासाठी कंपनी स्वतःच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी मर्यादा देते, प्रत्यक्षात ते बहुधा त्यापेक्षा बरंच चांगलं चालतं.

अचूक वेळ आणि कमी देखभाल हवी असेल तर क्वार्ट्झ घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त आतलं यंत्र धातूचं, स्क्रूंनी जोडलेलं आहे का हे विचारा. तसं असेल तर ते उघडून दुरुस्त होतं. प्लास्टिकचं यंत्र बिघडलं की बहुतेक वेळा पूर्णच बदलतात.

यांत्रिक घड्याळ घेणार असाल तर कंपनीच्या नावाआधी यंत्राचं नाव विचारा. ईटीए २८२४-२, सेलिटा एसडब्ल्यू२००, मियोटा ९०१५, सेइकोचं एनएच३५ ही यंत्रं जगभर अगणित घड्याळांत बसवलेली आहेत. शिकलेल्या कुठल्याही घड्याळजीने ती हाताळलेली असतात आणि सुटे भागही मिळतात. कंपनीने फक्त स्वतःच्या घड्याळांसाठी बनवलेलं यंत्र बघायला कितीही सुंदर असलं, तरी दुरुस्तीला ते बहुधा कंपनीकडेच पाठवावं लागतं. पहिल्या यांत्रिक घड्याळात माहितीचं यंत्र असावं, असं माझं ठाम मत आहे.

चावीचं घड्याळ सहसा पातळ असतं. त्याला रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि बोटांना अडकाव जाणवला की थांबावं. ऑटोमॅटिक घड्याळाची कमान हाताच्या हालचालीने आपोआप भरते. तिथे कमान पूर्ण भरली की ती आतल्या आत घसरते, त्यामुळे तिथे अडकाव येत नाही. तारखेबाबत मात्र जपा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान अनेक यंत्रांत तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा जबरदस्तीने तारीख बदलली तर दाता तुटू शकतो. आधी काटे साडेसहावर आणा, तारीख आदल्या दिवसाची लावा आणि मग काटे पुढे फिरवत आजच्या तारखेवर या. असं केलं की सकाळ-संध्याकाळचाही घोळ होत नाही.

पाणी आणि काच

घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात चालेल, असं नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. ३० मीटरचं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं समजा. पोहायचं असेल तर १०० मीटर हवं, बुडी मारायची असेल तर २०० मीटर आणि स्क्रूने बंद होणारी चावी. आत पाणी जाऊ न देणारी रबरी कडी काही वर्षांत कडक होते, म्हणून दर सर्व्हिसिंगला ती बदलून दाब तपासून घ्यावा. जुन्या घड्याळाच्या पाठीवर काहीही कोरलेलं असो, ते पाण्यापासून लांबच ठेवावं.

नीलमणी काचेची कठिणता मोहस मापनावर ९ आहे, तर वाळूतल्या क्वार्ट्झची ७. त्यामुळे धुळीने तिच्यावर ओरखडे पडत नाहीत, पण जोरात आपटली तर ती फुटू शकते. साधी मिनरल काच वाळूने ओरखडली जाते आणि पॉलिशने सहज नीट होत नाही. अ‍ॅक्रेलिक काचेवर ओरखडे लवकर पडतात, पण पॉलिशची पेस्ट आणि मऊ कापड घेऊन पाच मिनिटं घासलं की जातात. ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल आजही अ‍ॅक्रेलिक काचेसह मिळतं. जुन्या घड्याळाच्या काचेवर ओरखडे दिसले म्हणून ते नाकारू नका. बदलता येण्यासारख्या गोष्टींत काच अगदी वरच्या क्रमांकाला आहे.

जुनं घड्याळ: डायलपासून सुरुवात

जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा भाग डायलमध्ये असतो, म्हणून पाहणीचा निम्मा वेळ तिथे द्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असू द्या, किंवा विक्रेत्याकडून काचेवर उजेड न चमकता काढलेला मोठा फोटो मागून घ्या.

आधी अक्षरं बघा. कारखान्यातल्या छपाईत कडा स्वच्छ असतात, शाईची जाडी सारखी असते आणि ओळी मध्यावर बसतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं किंचित सुजल्यासारखी दिसतात आणि बारीक टोकं गायब होतात. कंपनीचं नाव अर्धा मिमी डावीकडे सरकलेलं असतं. मिनिटांच्या रेषा मोजून बघा. तासाच्या खुणेशी त्या जुळतात का, कुठे दाट आणि कुठे विरळ झाल्यात का? सहाच्या आकड्याखालचा ‘स्विस मेड’ हा बारीक मजकूर रंगवणारे अनेकदा विसरतात किंवा चुकीच्या जागी टाकतात. छोट्या सेकंदकाट्याच्या तबकडीतली वर्तुळं समकेंद्री आहेत का, हेही पाहा. मग त्याच मॉडेलच्या खात्रीच्या मूळ घड्याळांचे फोटो जमवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण जुन्या घड्याळांतलं खरं शिक्षण इथेच होतं. लिलावगृहांचे जुने कॅटलॉग आणि कंपन्यांच्या त्या काळच्या जाहिराती इथे फार उपयोगी पडतात.

कडेला थोडं पिवळं पडलेलं, एखादा ठिपका असलेलं मूळ डायल हे चकचकीत रंगवलेल्या डायलपेक्षा मी कधीही पसंत करेन. मात्र ओल शिरून रंगाला फोड आले असतील तर थांबा. तीच ओल यंत्रातही गेलेली असणार.

अंधारात चमकणारा लेप हा घड्याळाच्या वयाचा चांगला साक्षीदार. साधारण १९६०च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम आलं आणि १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने किरणोत्सर्गी नसलेलं ल्युमिनोव्हा आणलं. ट्रिटियम असलेल्या अनेक स्विस डायलांवर सहाच्या खाली ‘टी स्विस टी’ अशी खूण असते. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे १९७० सालच्या घड्याळातलं ट्रिटियम केव्हाच क्षीण झालेलं असणार. असल्या डायलवर टॉर्च मारून दिवा घालवल्यावर लेप मिनिटभर झगझगत राहिला, तर तो नंतर लावलेला आहे. काट्यांवरच्या आणि डायलवरच्या लेपाची छटा जुळत नसेल, तर काटे बदलल्याचा संशय घ्या. काट्यांची लांबीही सांगते: मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचलं पाहिजे.

रेडियमबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. लेप चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं समजू नका. त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड झिजलेलं असतं, किरणोत्सर्ग चालूच असतो. खरा धोका सुटलेल्या भुकटीचा आहे, ती श्वासातून शरीरात जाऊ नये. असं घड्याळ स्वतः उघडू नका, लेप खरवडू नका आणि घड्याळजीला देताना आधी सांगा. रात्री उशाशीही ठेवू नका. एकाच जागी काटे बराच काळ थांबलेले असतील, तर रेडियममुळे डायलवर काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो. दिसायला तो दोष, पण डायल मूळचं असल्याचा तो एक चांगला पुरावा आहे.

केस आणि नंबर

वारंवार पॉलिश केलेल्या केसच्या लगच्या कडा गोल होतात, तिरके काप पुसले जातात आणि पाठीवरची कोरीव अक्षरं उथळ होतात. ओरखडे असलेली पण कडा धारदार असलेली केस नेहमी सरस. पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं लिहिलेलं असेल, तर फक्त पाठ स्टीलची आहे. बाकी केस बहुधा पितळेवर मुलामा दिलेली असते. लगची टोकं आणि चावीमागची जागा बघा, मुलामा आधी तिथेच उडतो.

नंबर वाचायला शिका. सेइकोचं उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत सोपं आहे. पाठीवर ६१३९-६००२ असेल तर पहिले चार अंक यंत्राचे आणि पुढचे चार केसचे. आत दुसऱ्याच क्रमांकाचं यंत्र निघालं, तर ते दोन-तीन घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं आहे. अनुक्रमांकातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा. २ आणि ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मे १९७२, कारण ६१३९ हे यंत्र १९६९ साली आलं आणि ते १९७०च्या दशकातलंच आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी अंकाऐवजी एन आणि डी ही अक्षरं असतात.

आतलं यंत्र

पाठ उघडलेला फोटो मिळाल्याशिवाय जुनं यांत्रिक घड्याळ घेऊ नका. स्क्रूंची डोकी चावल्यासारखी खरवडलेली असतील तर अडाणी हातांनी ते उघडलंय. चावीच्या दांडीजवळ गंज दिसला तर पाणी आत शिरलेलं आहे. डायलवर एक नाव आणि यंत्रावर दुसरंच असेल तर लगेच नाकारू नका, कारण अनेक कंपन्या यंत्र बाहेरून घेत. त्या मॉडेलमध्ये तेच यंत्र येत होतं का, एवढं तपासा.

घड्याळ हातात असेल तर चावी द्या: ती खरखरता कामा नये. काटे फिरवा. ते अगदी सैल फिरत असतील किंवा घड्याळ चालू असून काटे मागे राहत असतील, तर काटे फिरवणारी मधली नळी ढिली झाली आहे. स्टॉपवॉचचं घड्याळ असेल तर सुरू, बंद आणि शून्यावर आणणं, हे तिन्ही करून बघा. काटा नेमका बारावर परतला पाहिजे. अशा यंत्राची सर्व्हिसिंग साध्या घड्याळापेक्षा बरीच महाग पडते, हे लक्षात ठेवूनच बोली करा.

घड्याळाचे ठोके ऐकणाऱ्या टाइमग्राफर यंत्रावरचे आकडे मागता आले तर उत्तम. फक्त ‘दिवसाला ५ सेकंद पुढे’ यावर समाधान मानू नका, कारण सुकलेल्या तेलाचं घड्याळही तात्पुरतं अचूक लावता येतं. बॅलन्स व्हील किती अंश झोका घेतं ते बघा. पूर्ण चावी देऊन डायल वर ठेवल्यावर २७० ते ३१० अंश असेल तर यंत्र निरोगी आहे. २२०च्या खाली असेल तर ते खोलून धुवायला हवं. दोन्ही बाजूंच्या ठोक्यांतला फरक १ मिलिसेकंदाच्या आत असावा.

१९५०पूर्वीच्या अनेक घड्याळांत धक्का सोसण्याची सोय नसते. बॅलन्सची नाजूक टोकं पडल्यावर तुटतात, म्हणून ती रोज घालायला घेऊ नका. १९६० साली आलेलं बुलोवाचं अ‍ॅक्युट्रॉन ध्वनिकाट्यावर (ट्यूनिंग फोर्कवर) चालतं, सेकंदाला ३६० कंपनांनी, आणि कानाशी धरलं की त्याचा गुंजारव ऐकू येतो. मला ते फार आवडतं, पण सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ते नीट लावणारे हात आता थोडे उरलेत.

विक्रेत्याला काय विचारायचं

- शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, कोणी केली, पावती आहे का?
- कोणते भाग बदलले आहेत: चावी, काटे, काच, डायल?
- केस पॉलिश केली आहे का?
- डायल, दोन्ही बाजू, पाठ आणि यंत्र यांचे स्वच्छ फोटो मिळतील का?
- वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घेणार का?

पावती नसेल तर सर्व्हिसिंग झालेलीच नाही असं धरून तो खर्च किमतीत मिळवा. आणि शेवटच्या प्रश्नाला जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका, घड्याळ कितीही मोहात पाडणारं असलं तरी. नामांकित कंपनीचं नवं घड्याळ अर्ध्या भावात मिळत असेल तर ते नकली किंवा चोरीचं असण्याची शक्यता फार मोठी.

घेतल्यानंतर

जुनं घड्याळ हातात आल्यावर आधी घड्याळजीकडे न्या, मग मनगटावर घाला. सुकलेल्या तेलात चालवलं की चाकांच्या आरी, म्हणजे ज्यांवर ती फिरतात ती बारीक टोकं, झिजतात. नंतर साधारण पाच ते सात वर्षांनी सर्व्हिसिंग करावी. देताना स्पष्ट सांगा: केस पॉलिश करू नका, डायलला हात लावू नका, काढलेले सगळे भाग परत द्या.

नीट चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर बहुधा त्यात चुंबकत्व शिरलं आहे. फोनच्या कव्हरचं चुंबक, स्पीकर, पर्सची कळ, काहीही पुरतं. होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई हलली तर बरीचशी खात्री झाली. चुंबकत्व काढायला काही सेकंद लागतात, यंत्र खोलावं लागत नाही.

ठेवण्याची जागा कोरडी आणि सावलीतली असावी. बंद पडलेल्या क्वार्ट्झमधला सेल लगेच काढा, कारण गळलेला सेल यंत्र खाऊन टाकतो. ऑटोमॅटिक सतत फिरवत ठेवणारी पेटी मला बहुतेकांसाठी अनावश्यक वाटते. महिन्याचे कमीजास्त दिवस स्वतःच ओळखणाऱ्या कायमस्वरूपी कॅलेंडरसारखं लावायला किचकट घड्याळ असेल तरच तिचा उपयोग.

संग्रहाला दिशा

किती घड्याळं ठेवावीत? सर्व्हिसिंगच्या हिशेबाने ठरवा. दहा यांत्रिक घड्याळं असतील तर वर्षाला दीड ते दोन सर्व्हिसिंगला जाणार. तेवढा खर्च आणि तेवढा घड्याळजीचा वेळ दरवर्षी मिळणार असेल तर दहा ठेवा, नाहीतर पाच ठेवा आणि ती चालू ठेवा.

एखादा धागा धरला तर नजर लवकर तयार होते. १९६९ साली स्टॉपवॉच असलेलं ऑटोमॅटिक घड्याळ तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी साकारलं: झेनिथचं एल प्रिमेरो, हॉयर आणि ब्राइटलिंग यांच्या गटाचं कॅलिबर ११ आणि सेइकोचं ६१३९. एवढ्यावर एक सुंदर छोटा संग्रह उभा राहतो. खर्च कमी ठेवायचा असेल तर डिजिटल घड्याळं घ्या. कॅसिओचं पहिलं जी-शॉक १९८३चं, एफ-९१डब्ल्यू १९८९चं, आणि दोन्हींचे वंशज आजही नवे मिळतात. एकाच यंत्राची दहा रूपं जमवणाराही खूप शिकतो.

प्रत्येक घड्याळाची नोंद ठेवा: मॉडेल, अनुक्रमांक, कोणाकडून आणि कधी घेतलं, कधी उघडलं, काय बदललं. लाँजिन आणि पाटेक फिलिप यांसारख्या काही कंपन्या आपल्या जुन्या नोंदवह्यांतून उतारा देतात. महत्त्वाच्या घड्याळासाठी तो जरूर मागवा. सर्व्हिसिंगमध्ये निघालेली जुनी चावी, काटे, काच एका छोट्या पिशवीत घालून त्यावर अनुक्रमांक लिहा. घड्याळ पुढे कोणाला देताना किंवा विकताना ती पिशवी आणि नोंद दोन्ही त्याच्यासोबत द्या.